डोळ्याच्या नसेला रक्त कमी पडतं तेव्हा: उंदीर-माकडांवरचे अभ्यास कसे वाचायचे आणि घरी त्यातलं काय वापरायचं

मागच्या महिन्यात दुकानात एक काका आले, मोबाईल काउंटरवर ठेवला आणि म्हणाले, ताई हे वाचा आणि यातली गोळी द्या. फॉरवर्ड होता. उंदराच्या डोळ्याच्या नसेचं रक्त बंद केलं, मग औषध दिलं आणि नस वाचली, असं लिहिलेलं. काकांना काचबिंदू आहे, डाव्या डोळ्याला कडेचं दिसत नाही, रस्ता ओलांडताना रिक्षा अंगावर येईपर्यंत कळत नाही, आणि ते बिचारे एवढ्या आशेनं उन्हातनं चालत आलेले. मी गोळी दिली नाही, स्टूल दिलं, पाणी दिलं आणि अर्धा तास समजावून सांगितलं की अशा अभ्यासात नेमकं काय केलेलं असतं आणि त्यातलं आपल्या कामाचं काय. तेच इथं नीट लिहून ठेवतेय, कारण असे फॉरवर्ड रोज येतात आणि काउंटरवर गर्दी असली की अर्धा तास मिळत नाही.

माझं सांगायचं तर एम. फार्म. करताना दोन वर्षं मी उंदरांवर काम केलंय, आता सोलापुरात मेडिकल चालवते, आणि आमच्या अप्पांची एका डोळ्याची अर्धी नजर अशीच, रक्त कमी पडून गेलेली आहे. त्यामुळं हा विषय मला पुस्तकातूनही माहितीये आणि घरातूनही.

आधी नस डोळ्यासमोर आणा

अप्पांना मी नस समजावली ती मागावरून. पस्तीस वर्षं ते चादरीच्या कारखान्यात जॉबर होते. बीमवरून ताण्याचे हजारो धागे येतात, फणीच्या फटीफटीतून पुढं सरकतात आणि मग कापड होतं, हे त्यांना झोपेतही दिसतं. डोळ्यातही तसंच आहे बघा. डोळ्याच्या पडद्यातल्या पेशींपासून बारीक तंतू निघतात, माणसात साधारण १० ते १२ लाख, ते सगळे पडद्यावरून एका जागी गोळा होतात, ती जागा म्हणजे डिस्क, जेमतेम दीड मिलिमीटर रुंद, आणि तिथून एका जाळीदार चाळणीतून मागं मेंदूकडं जातात. ही चाळणी म्हणजे आपली फणी, डॉक्टर तिला लॅमिना क्रिब्रोसा म्हणतात. फणी वाकली की धागे घासतात आणि तुटतात, हे अप्पांना सांगावंच लागलं नाही. फरक एवढाच की मागावर धागा तुटला तर कामगार गाठ मारून पुढं जातो, इथं गाठ मारता येत नाही, कारण माणूस काय उंदीर काय, सस्तन प्राण्यांमध्ये ही नस एकदा तुटली की आपली आपण परत वाढत नाही.

अजून एक गोष्ट लक्षात ठेवा, पुढं लागेल. चाळणीच्या अलीकडं या तंतूंवर मायलिनचं आवरण नसतं, उघड्या तारांसारखे असतात, चाळणी ओलांडल्यावर आवरण चढतं. उघड्या तंतूतून संदेश पाठवायला ऊर्जा जास्त लागते. आणि नेमक्या याच जागेला रक्त कुठून येतं तर डोळ्याच्या मागून शिरणाऱ्या अगदी बारीक रक्तवाहिन्यांतून, पोस्टिरियर सिलिअरी म्हणतात त्यांना. म्हणजे गरज सगळ्यात जास्त आणि पाईप सगळ्यात बारीक.

प्रेशरचं गणित, जे आपल्याला सोलापुरात वेगळं शिकवायला नको

चार-पाच दिवसांनी नळाला पाणी येतं तेव्हा काय होतं? खालच्या घरात धो धो, वरच्या मजल्यावर नुसती हवा. लाईनचं प्रेशर उंचीवर मात करू शकलं तरच पाणी चढतं. डोळ्याच्या नसेचं तेच आहे, कारण डोळा हा आतून फुगलेला गोळा आहे, त्याचं स्वतःचं प्रेशर असतं, बीपीसारखंच मिलिमीटर पाऱ्यात मोजतात, साधारण १० ते २१, आणि रक्ताला त्या प्रेशरच्या विरुद्ध आत शिरावं लागतं. म्हणजे नसेला किती रक्त मिळणार हे एकट्या डोळ्याच्या प्रेशरवर ठरत नाही आणि एकट्या बीपीवरही ठरत नाही, दोन्हीतला फरक किती त्यावर ठरतं. याला परफ्युजन प्रेशर म्हणतात आणि या विषयावरचा कुठलाही पेपर उघडला की हा शब्द भेटतोच.

घरी ढोबळ हिशोब करायचा तर बीपीचा खालचा आकडा घ्या आणि त्यातून डोळ्याचं प्रेशर वजा करा. बीपी १३०/८४ आणि डोळ्याचं प्रेशर १६ असेल तर ६८ उरले. अमेरिकेत बाल्टिमोरला माणसांवर मोठा सर्व्हे झाला होता, १९९५ साली छापून आला, त्यात हा फरक ज्यांचा ३० च्या खाली होता त्यांच्यात काचबिंदूचं प्रमाण साधारण सहापट दिसलं. पेपरात थोडं वेगळं सूत्रही सापडेल, सरासरी बीपीचा दोन तृतीयांश वजा डोळ्याचं प्रेशर, ते बसलेल्या माणसासाठी असतं, आडवं पडल्यावर बदलतं. पण आपल्याला सूत्र पाठ करायचं नाहीये, वजाबाकीची सवय लावून घ्यायचीय.

रक्तवाहिन्या हुशार असतात, प्रेशर थोडं पडलं तर त्या स्वतः रुंद होऊन प्रवाह सांभाळून घेतात. पण त्याला मर्यादा आहे, आणि वय, शुगर, कडक झालेल्या रक्तवाहिन्या यांनी ती मर्यादा अजून आत येते.

अभ्यास वाचताना पहिला प्रश्न: रक्त कमी केलं कसं?

इथं मी जरा जास्त थांबणार आहे कारण सगळी मेख इथंच आहे. "रक्तपुरवठा कमी केला" हे तीन शब्द सगळीकडं सारखे दिसतात, पण प्रत्यक्षात चार अगदी वेगळ्या गोष्टी केलेल्या असतात आणि प्रत्येकीचा अर्थ वेगळा.

एक पद्धत म्हणजे डोळ्यातलं प्रेशर एकदम वाढवायचं. बेशुद्ध केलेल्या उंदराच्या डोळ्यात बारीक सुई, तिला सलाईनची बाटली, बाटली उंच टांगायची की डोळ्याचं प्रेशर ११०-१२० पर्यंत जातं, रक्त आत शिरूच शकत नाही, पडदा पांढरा पडतो, साधारण तासभर तसंच ठेवून मग सोडायचं. यात एकट्या नसेचं नाही, सगळ्या पडद्याचं रक्त थांबतं, आणि रक्त परत सुरू झाल्यावर जे नुकसान होतं तेही त्यातच मिसळलेलं असतं. शिवाय एवढं प्रेशर स्वतःच नसेला दाबतं. म्हणजे असा अभ्यास काचबिंदूच्या अचानक येणाऱ्या अटॅकच्या जवळ जातो, वर्षानुवर्षं हळूहळू चालणाऱ्या काचबिंदूच्या नाही.

दुसरी पद्धत मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. १९८८ साली जपानच्या त्सुकुबामध्ये मासाशी यानागिसावा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एंडोथेलिन नावाचा पदार्थ शोधला, आपल्याच रक्तवाहिन्यांच्या आतल्या थरातून निघणारा आणि रक्तवाहिनी जोरात आवळणारा. पुढं अमेरिकेत जॉर्ज सिओफी वगैरे मंडळींनी सशांत आणि नंतर माकडांत कातडीखाली एक छोटा पंप बसवला, त्याची नळी डोळ्याच्या मागं नसेपाशी नेली आणि थेंब थेंब एंडोथेलिन सोडत राहिले, एक-दोन तास नाही, आठवडे-महिने. डोळ्याचं प्रेशर वाढवलेलंच नव्हतं. तरी नसेतले तंतू कमी झाले, आणि माकडांवरचा जो पेपर २००४ मध्ये आला त्यात तंतू सगळीकडं सारखे न जाता काही भागातच जास्त गेलेले दिसले. डोळ्याचं प्रेशर नॉर्मल असूनही नुसतं रक्त दीर्घकाळ कमी पडून नस मरू शकते, हे यातून दिसतं. आपल्याकडं किती पेशंट म्हणतात, माझं तर प्रेशर नॉर्मल होतं मग काचबिंदू कसा! त्यांच्या प्रश्नाचा एक धागा इथं आहे, सगळं उत्तर नसेल पण एक धागा नक्की.

तिसरी पद्धत २००३ ची, मेरीलँडच्या स्टीव्हन बर्नस्टीन यांची. रोझ बेंगॉल नावाचा गुलाबी रंग उंदराच्या शिरेत सोडायचा आणि नसेच्या तोंडावर काही सेकंद हिरवा लेझर मारायचा. लेझर पडतो तिथल्या केशवाहिन्यांमध्येच रंग पेटल्यासारखा होतो, त्यांचं अस्तर सुजून त्या बंद पडतात, मोठ्या रक्तवाहिन्या मात्र चालू राहतात. अप्पांना झालेला आजार, नायॉन म्हणतात त्याला, म्हणजे नसेच्या तोंडाशीच रक्त कमी पडून अचानक नजर जाणं, त्याच्या हे बरंच जवळ जातं. २००८ मध्ये हीच पद्धत माकडांतही करून दाखवली. पहिल्या काही दिवसांत नसेच्या तोंडाला सूज येते, मग सूज उतरते, बघणाऱ्याला वाटतं आता बरं होतंय, आणि पडद्यातल्या पेशी मात्र त्यानंतरच्या दोन-तीन आठवड्यांत एकेक करून मरतात. सूज उतरणं म्हणजे वाचणं नाही, हे अप्पांच्या वेळी आम्हाला फार उशिरा कळलं.

चौथी पद्धत म्हणजे मानेतल्या दोन्ही कॅरोटिड, म्हणजे मेंदूकडं रक्त नेणाऱ्या मोठ्या धमन्या, बांधायच्या. उंदीर जगतो कारण मागच्या बाजूनं मेंदूला रक्त येत राहतं. हे मुळात स्मृतीच्या अभ्यासासाठी करतात. मी हेच केलेलं, म्हणून एक प्रसंग सांगते. पांढरा उंदीर, ऑपरेशनला काही आठवडे झालेले, पाण्याच्या हौदात बुडवलेला पाट शोधायला सोडला तर नुसता कडेकडेनं गोल फिरत होता, वहीत मी लिहिलं, स्मृती गेली. संध्याकाळी त्याला टॉवेलमध्ये गुंडाळून हातात धरला, दुसऱ्या हातानं पेन टॉर्च डोळ्यावर मारला, आणि बाहुली लहान झालीच नाही, तशीच मोठी, एवढ्या उजेडातही, आणि तो मिशा हलवत माझ्या अंगठ्याचा वास घेत होता. त्याला दिसतच नव्हतं! पाट कुठं होता हे विसरलेला नव्हता तो. मी वहीतलं वाक्य खोडलं. नंतर वाचलं तर २००० च्या आसपास हे छापूनही आलेलं, की या मॉडेलमध्ये काही उंदरांची बाहुली प्रतिसाद देणं थांबवते आणि त्यांच्या डोळ्याची नस खराब झालेली असते. तेव्हापासून मेंदूचा रक्तपुरवठा आणि स्मृती असा कुठलाही पेपर आला की मी आधी शोधते, बाहुली तपासली होती का?

दुसरा प्रश्न: किती वेळ?

डॉ. सोहन सिंग हेरे हे नाव या विषयात येणारच. मूळचे आपल्या पंजाबचे, पुढं आयुष्य अमेरिकेत आयोवाला गेलं, आणि डोळ्याच्या नसेला रक्त नेमकं कुठून येतं हे माकडांवर काम करून दाखवण्यात त्यांनी दशकं घातली. त्यांनी वयस्कर, कडक रक्तवाहिन्यांच्या, बीपी असलेल्या माकडांत पडद्याची मुख्य धमनी ठराविक मिनिटं दाबून धरली आणि सोडली. ९७ मिनिटांपर्यंत नुकसान दिसलं नाही. त्यापुढं जितका वेळ जास्त तितकं नुकसान जास्त, आणि २४० मिनिटांच्या आसपास, म्हणजे चार तासांत, पडद्याचं भयंकर आणि न भरून येणारं नुकसान. हे पूर्ण बंद केलेल्या धमनीचे आकडे आहेत, नायॉनमध्ये किंवा काचबिंदूत रक्त असं पूर्ण थांबत नाही, म्हणून हे आकडे उचलून तिकडं लावू नका. पण घड्याळ चालू असतं ही गोष्ट इतक्या स्पष्टपणे दुसऱ्या कशातनं कळत नाही.

तिसरा प्रश्न: आत काय घडलं ते दाखवलंय का?

चांगला अभ्यास नुसतं "नस खराब झाली" म्हणून थांबत नाही, मधल्या पायऱ्या दाखवतो. सगळ्यात सुंदर काम १९९० च्या सुमाराचं, येलमधल्या स्टिस, रॅन्सम आणि वॅक्समन यांचं. उंदराची डोळ्याची नस काढून काचेच्या भांड्यात जिवंत ठेवायची, एका टोकाला विजेचा हलका झटका, दुसऱ्या टोकाला संदेश किती पोचतो ते मोजायचं. तासभर ऑक्सिजन बंद केला आणि परत दिला तर संदेश साधारण एक तृतीयांशच परत आला. मग तोच प्रयोग त्यांनी आजूबाजूच्या द्रावणातलं कॅल्शियम काढून टाकून केला, आणि नस जवळजवळ पूर्ण सावरली. म्हणजे ऑक्सिजन गेला ही सुरुवात, पण तंतू तोडणारा हात कॅल्शियमचा.

साखळी अशी आहे. तंतूच्या भिंतीत एक पंप असतो, आत आलेला सोडियम सतत बाहेर फेकणारा, त्याला ऊर्जा लागते. रक्त कमी, ऑक्सिजन आणि ग्लुकोज कमी, ऊर्जा कमी, पंप थांबला. सोडियम आत साचला. दुसरी एक यंत्रणा असते जी एरवी सोडियम आत घेऊन कॅल्शियम बाहेर काढते, ती आता उलटी फिरते, सोडियम बाहेर आणि कॅल्शियम आत. आत जास्त कॅल्शियम झालं की कॅल्पेनसारखी एन्झाइम जागी होतात आणि तंतूचा आतला सांगाडाच कुरतडायला लागतात. सांगाड्यावरनं पेशीपासून मेंदूकडं आणि मेंदूकडून पेशीकडं माल ये-जा करत असतो, ती वाहतूक ठप्प होते, तंतू चाळणीपाशी फुगतो, फुगलेले तंतू शेजारच्या बारीक रक्तवाहिन्या दाबतात, त्यामुळं रक्त अजून कमी. ज्यांची डिस्क जन्मतःच लहान आणि दाटीची असते त्यांना नायॉन जास्त का होतो हे इथं कळतं, फुगायला जागाच नाही. शेवटी पेशीला मेंदूकडून येणारा आधार तुटतो आणि ती मरते, दिवसांनी, आठवड्यांनी.

औषध दिलं असेल तर: कधी दिलं, काय मोजलं

काकांच्या फॉरवर्डमध्ये हेच लिहिलेलं नव्हतं. बऱ्याच उंदरांच्या अभ्यासात औषध रक्त बंद करायच्या आधी किंवा लगेच नंतर दिलेलं असतं. माणूस सकाळी उठतो, चष्मा पुसतो, दोन दिवस वाट बघतो, मग येतो. तेव्हा आधी शोधा, औषध कोणत्या तासाला दिलं? मग शोधा, पेशी मोजल्या की दृष्टी मोजली? पडद्यावर पेशी जिवंत आहेत म्हणजे त्या प्राण्याला दिसतंय असं नाही, त्यासाठी बाहुली, मेंदूपर्यंत पोचणारा विजेचा संदेश, असं काहीतरी वेगळं मोजावं लागतं. मोजणाऱ्याला कुठला उंदीर कुठल्या गटातला हे माहीत नव्हतं ना, तेही बघा. आणि नुसती सुई टोचलेला, रक्त न थांबवलेला गट तुलनेला ठेवला होता का, ते बघा. प्राण्यांच्या एथिक्स कमिटीची परवानगी लिहिलेली हवी, आपल्याकडं १९६० च्या कायद्याखाली ती लागतेच. मी हे फॉर्मॅलिटी म्हणून सांगत नाहीये, तो जीव आपल्यासाठी गेलेला असतो, निदान काम तरी नीट झालेलं असावं.

उंदीर आणि आपल्यात एक मोठा फरक या नसेतच आहे. आपली आणि माकडाची चाळणी जाड, मजबूत धाग्यांची, उंदराची अगदीच नाममात्र. उंदराच्या नसेत साधारण एक लाख तंतू, आपल्याकडं दहा-बारा पट. म्हणून माकडावर काही दिसलं तर मी कान टवकारते, उंदरावर दिसलं तर वाट बघते. आणि माकडावर दिसलं तरी खात्री नाही. मेमँटिन नावाचं औषध काचबिंदू केलेल्या माकडांत उपयोगी दिसलं होतं, मग माणसांत दोन हजारांवर पेशंट घेऊन दोन मोठ्या ट्रायल झाल्या, निकाल २०१८ मध्ये छापून आला, फायदा सिद्ध झाला नाही.

नायॉनमध्ये तर एक वेगळीच गोष्ट शिकायला मिळाली. नसेभोवतीचं आवरण कापून दाब कमी करायचं ऑपरेशन करायचे, १९९५ मध्ये त्याची ट्रायल छापून आली, ऑपरेशनचा फायदा नाही, उलट नुकसान होऊ शकतं असं निघालं. पण त्याच ट्रायलमध्ये ज्यांना काहीच केलं नव्हतं त्यातल्या साधारण ४३ टक्के लोकांना सहा महिन्यांत तक्त्यावर तीन ओळी किंवा जास्त सुधारणा झाली होती. आता विचार करा, त्या काळात कुणी त्यांना कुठलीही गोळी दिली असती तर श्रेय कुणाला गेलं असतं? म्हणून "अमक्याला या गोळीनं फरक पडला" हे ऐकलं की मला हे ४३ आठवतात.

घरी करण्यासारखं

अप्पांचं सांगते. जानेवारीत, गड्ड्याची जत्रा चालू होती, घरात पाहुणे. सकाळी पेपर वाचताना म्हणाले खालच्या ओळी पुसट दिसतायत. दुखत नव्हतं, लाल नव्हतं. चष्म्याचा नंबर वाढला असेल म्हणून आम्ही पाहुणे जायची वाट बघितली, चार दिवस गेले. मी स्वतः औषधाच्या धंद्यातली असून मला सुचलं नाही की एकेक डोळा झाकून बघा म्हणावं. तपासलं तर उजव्या डोळ्याची खालची अर्धी नजर गेलेली, नसेच्या तोंडाला सूज. आधी गेलो असतो तर नजर परत आली असती असं मी म्हणत नाही, नायॉनवर सिद्ध झालेला उपाय आजही नाही. पण अचानक नजर गेली की त्याच दिवशी जायचं, याची कारणं दुसरी आहेत. एक, तो पडद्याच्या धमनीचा अटॅक असू शकतो, मग चार तासांचं घड्याळ चालू आहे आणि तो मेंदूच्या स्ट्रोकइतकाच तातडीचा धरायचा. दोन, पन्नाशीच्या पुढं कानशिलात दुखणं, केस विंचरताना टाळू दुखणं, भाकरी चावताना जबडा भरून येणं असं सोबत असेल तर ती रक्तवाहिन्यांची सूज असू शकते, ईएसआर आणि सीआरपी या रक्ताच्या तपासण्या त्याच दिवशी करून स्टिरॉइड चालू करावं लागतं, नाहीतर दुसरा डोळाही काही दिवसांत जाऊ शकतो. रविवार असो की रात्र, सिव्हिलची कॅज्युअल्टी चालू असते, सोमवारची वाट बघू नका.

मग दुसरा डोळा. नायॉन झालेल्यांपैकी साधारण १५ टक्के लोकांना पाच वर्षांत दुसऱ्या डोळ्यालाही होतो, म्हणून आम्ही तिकडं लक्ष घातलं. अप्पा बीपीची गोळी रात्री दहाला घ्यायचे. डॉक्टरांनी चोवीस तासांचं बीपीचं मशीन दंडाला लावलं, रात्रभर अर्ध्या-अर्ध्या तासानं फुगायचं, अप्पांची झोपमोड झाली पण पट्टी बघून मी गप्पच झाले. दिवसा खालचा आकडा ८४, रात्री अडीचला ५४. डोळ्याचं प्रेशर १६. दिवसा ६८ उरत होते, रात्री ३८, आणि आडवं पडल्यावर डोळ्याचं प्रेशर थोडं वाढतंच, म्हणजे खरं तर त्याहून कमी. बहुतेकांना नायॉन सकाळी उठल्यावर लक्षात येतो, यावरूनच डॉ. हेरे यांनी १९९४ मध्ये रात्रीच्या पडणाऱ्या बीपीकडं बोट दाखवलं होतं. यावर डॉक्टरांत मतभेद आहेत, सगळे मानत नाहीत. पण गोळीची वेळ बदलायला आमच्या डॉक्टरांनी हरकत घेतली नाही, सकाळी घ्यायला सांगितली. ब्रिटनमध्ये टाइम नावाची ट्रायल झालीये, २१,१०४ लोकांची, २०२२ मध्ये आली, बीपीची गोळी सकाळी घेतली काय किंवा रात्री घेतली काय, हार्ट अटॅक-स्ट्रोकमध्ये फरक पडला नाही. म्हणून ही गोष्ट डॉक्टरांना विचारण्यासारखी आहे. विचारण्यासारखी म्हणतेय, आपल्या मनानं गोळी बंद करण्यासारखी नाही, बीपी वाढून मेंदूत रक्तस्राव झालेले पेशंटही याच गल्लीत आहेत.

मोठ्यानं घोरत असतील, मध्येच श्वास अडकत असेल तर तेही डॉक्टरांना सांगा, स्लीप अ‍ॅप्निया आणि नायॉन हातात हात घालून दिसतात. सिल्डेनाफिल (व्हायग्रा) जातीच्या गोळ्या एका डोळ्याला हा त्रास झालेल्यानं विचारल्याशिवाय घेऊ नयेत, लोक लाजून सांगत नाहीत म्हणून मुद्दाम लिहितेय. मे महिन्यात आपल्याकडं पारा ४३-४४ ला जातो, घाम, त्यात लघवीची गोळी चालू, त्यात जुलाब किंवा निर्जळी एकादशी, उठताना अंधारी येते, असं झालं तर बीपी मोजा आणि डॉक्टरांना फोन करा, उन्हाळ्यात डोस कमी करावा लागू शकतो.

काचबिंदूचे थेंब टाकत असाल तर एकच थेंब, मग डोळा मिटून नाकाकडच्या कोपऱ्यावर बोट दाबून दोन मिनिटं बसा, दुसरा थेंब पाच मिनिटांनी. टिमोलॉल असेल तर हे जास्तच महत्त्वाचं, कारण तो नाकातून रक्तात जातो, नाडी आणि बीपी कमी करू शकतो, दमा असेल तर त्रास होतो, आणि रात्री डोळ्यावर त्याचा परिणाम तसाही फारसा नसतो, म्हणून रात्रीचा थेंब कुठला ते विचारून घ्या. डोळा लाल झाला की मेडिकलमधून स्टिरॉइडचा थेंब मागून नेणारे खूप आहेत, मी चिठ्ठीशिवाय देत नाही, कारण त्यानं काही लोकांचं डोळ्याचं प्रेशर गुपचूप वाढतं आणि वर सांगितलेली वजाबाकी दुसऱ्या बाजूनं बिघडते.

काकांना मी एका कागदावर तीन ओळी लिहून दिल्या, डॉक्टरांना विचारायच्या: माझी डिस्क दाटीची आहे का, माझं रात्रीचं बीपी मोजायला हवं का, आणि माझ्या गोळ्यांच्या वेळा बरोबर आहेत का. मोबाईलमधला फॉरवर्ड त्यांनी माझ्यासमोर पुसला नाही, मीही पुसा म्हटलं नाही.

अप्पा आता रोज सकाळी चहाच्या आधी भिंतीवरच्या कॅलेंडरसमोर उभे राहतात, ठराविक फरशीवर, उजव्या डोळ्यावर तळहात ठेवतात आणि डाव्या डोळ्यानं शेवटच्या ओळीतल्या तारखा मोठ्यानं वाचतात. मी स्वयंपाकघरातनं ऐकत असते. सगळ्या तारखा आल्या की मग मी आधण ठेवते.